कालकथितांची नोंद

शाळेची स्मरणिका निघते आहे आणि इतिहासाच्या शिक्षकाने तीत इतिहासावरच काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. शाळेच्या जडणघडणीविषयी, वसतिगृहातील दिवसांविषयी आणि ज्यांनी पदरमोड करून ही संस्था उभी केली त्यांच्याविषयी इतर मान्यवर अधिकाराने लिहितीलच. आम्ही निवडलेला विषय प्रथमदर्शनी उदास वाटण्याचा संभव आहे. तो विषय आहे आपल्या घराण्यातील मृत्यूंच्या नोंदींचा. परंतु ज्या समाजाने स्वतःचा इतिहास स्वतः लिहिण्याचे व्रत घेतले आहे, त्याला हा विषय टाळता येणार नाही, अशी आमची नम्र धारणा आहे.

गेली अनेक वर्षे आम्ही नववीच्या वर्गाला एक गृहपाठ देत आलो आहोत. आपल्या आजी-आजोबांची व पणजी-पणजोबांची नावे, त्यांचे गाव आणि त्यांच्या मृत्यूचा दिवस लिहून आणावयाचा. आमचे विद्यार्थी हुशार आहेत. महात्मा फुले २८ नोव्हेंबर १८९० रोजी गेले, सावित्रीमाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या, राजर्षी शाहू ६ मे १९२२ रोजी गेले, हे त्यांना तोंडपाठ असते. ६ डिसेंबर तर कोणाला सांगावाच लागत नाही. पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडून आलेली ही मुले रविवारी घरी फोन करून विचारतात, तेव्हा तिकडूनही उत्तर येत नाही. पणजोबांचे नाव बहुधा मिळते. गावाचे नाव मिळते. मृत्यूचा रकाना कोरा राहतो, आणि पणजीच्या बाबतीत तर नावाचा रकानासुद्धा.

आमचे वास्तव्य महालात. या भागात इतिहासाची वाण नाही. भोसल्यांचा वाडा येथला, जुने दरवाजे येथले, महापालिकेचा टाऊन हॉलही येथलाच. तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी औरस पुत्राविना वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने हे राज्य कंपनीच्या मुलखाला जोडले. एका मृत्यूच्या तारखेने एका राज्याचा शेवट झाला, म्हणून ती तारीख प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. इंग्रजांचेही तसेच. सीताबर्डीची लढाई १८१७ ची, कामठीची छावणी १८२१ ची. तेथे मेलेल्या गोऱ्या शिपायाच्या दफनाची नोंद चर्चच्या वहीत होत असे आणि तिची प्रत लंडनला जात असे. त्याचा पणतू आज ती नोंद तिकडे बसून वाचू शकतो. मात्र याच नगरीत नाग नदीच्या काठच्या वस्त्यांतून जे राहिले, ज्यांनी विणकाम केले, गिरणीत पाळ्या केल्या, रस्ते झाडले, त्यांच्या मरणाची तारीख कोणत्या ग्रंथात शोधावी?

येथे इतिहासाचा एक विलक्षण उपरोध समोर येतो. मृत्यूची वार्ता पोहोचविणे हे गावगाड्यात महारांचेच काम होते. गावात कोणाच्या घरी मरण झाले की परगावच्या सोयऱ्यांना ते कळविण्यासाठी महाराने धावावयाचे, मग ते गाव कितीही दूर असो, पावसापाण्याचा दिवस असो की रात्र असो. अस्पृश्यांवर लादलेल्या कर्तव्यांची जंत्री देताना बाबासाहेबांनी या कामाचा स्पष्ट उल्लेख केला आहे. इंग्रजी अमलात मध्य प्रांतात जन्म-मृत्यूची नोंद सुरू झाली, तेव्हा ते कामही गावच्या कोतवालाकडेच आले, आणि आपल्या भागात कोतवाल हा पुष्कळदा महारच असे. गावातील जन्म-मृत्यू तो लक्षात ठेवी, अक्षर येणाऱ्या कोणाकडून वहीत लिहवून घेई आणि ठरलेल्या दिवशी ती वही घेऊन पोलीस ठाण्यात हजर होई. हीच ती कोतवाल पंजी, अर्थात आजच्या कार्यालयीन भाषेतील कोतवाल बुक. साऱ्या गावाच्या मरणाचा भार ज्याने डोक्यावर वाहिला, त्याच्या स्वतःच्या घरातील मरणे मात्र स्मृतीच्या भरवशावर राहिली. ती स्मृतीही दोन पिढ्यांपलीकडे टिकली नाही.

अपवाद आहेत, आणि ते आपल्याला प्रिय आहेत. भीमा कोरेगावचा विजयस्तंभ हा आपण शौर्याचे स्मारक म्हणून पाहतो. इतिहासाच्या दृष्टीने तो एक मृत्युलेखही आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे त्यावर कोरली आहेत आणि त्यांतील बावीस नावांच्या शेवटी 'नाक' हा प्रत्यय आहे. दगडावर नाव राहिले म्हणून १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे जाऊ शकले. आपल्या जवळचे उदाहरण कामठीच्या बाबू हरदासांचे. ते १२ जानेवारी १९३९ रोजी वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी गेले. तो दिवस समाजाने जपला, म्हणून आजही दरवर्षी त्या दिवशी कन्हान नदीच्या काठी लोक जमतात. नेत्याच्या बाबतीत समाजाने जे केले, ते प्रत्येक कुटुंबाला आपल्या माणसासाठी करता येणार नाही काय?

आमच्या घरात हा प्रश्न दोन निमित्तांनी उभा राहिला. पहिले निमित्त बाबांच्या निधनाचे. पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर त्यांच्या आईवडिलांची नावे घालावीत असे ठरले. आजोबांचे नाव सर्वांना ठाऊक होते. आजीचे नाव कोणालाच सांगता येईना. बाबा तीन वर्षांचे असताना ती गेली, एवढेच घरात बोलले जाई. बाबांची थोरली बहीण, आमच्या आत्याबाई, तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात होत्या. त्यांना विचारले, तर त्या म्हणाल्या, "मायले कोनी नावानं हाक मारे का? अमक्याची माय, तमक्याची बायको, एवढंच." थोड्या वेळाने त्यांनीच एक धागा दिला. "पोळा होऊन गेला होता. मारबत निंगून गेली होती. बैलायच्या शिंगाचा रंग अजून गेला नव्हता, तवा माय गेली."

दुसरे निमित्त धाकट्या भावाच्या मुलीच्या जात पडताळणीचे. वाचकांपैकी पुष्कळांना हा अनुभव असेल. अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्या घरात १९५० पूर्वी कोणी शाळेत गेले नाही, कोणाच्या नावे शेत नाही, नोकरी नाही, त्या घराने पुरावा आणावा कोठून? तेथे कोतवाल पंजीतील एखादी जन्माची किंवा मृत्यूची ओळ आधाराला येते, कारण तीत जातीचा रकाना असतो. ज्या शब्दाचे ओझे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर आमच्या वडीलधाऱ्यांनी उतरवून ठेवले, तोच शब्द आम्ही आमच्या मुलीच्या शिक्षणासाठी जुन्या कागदांत शोधत होतो. धर्मांतरितांचा सवलतींचा हक्क केंद्राने मान्य केला तो १९९० साली. त्यामुळे आपल्या समाजाला हे दोन्ही कागद जवळ बाळगावे लागतात, एक आपण कोण होतो हे सांगणारा आणि दुसरा आपण कोण झालो हे सांगणारा. इतिहासात एम. ए. करताना साधनांची चिकित्सा आम्ही पुस्तकांतून शिकलो होतो. आता ती घरातल्या माणसांवर करण्याची वेळ आली.

आम्ही प्रथम बाबांच्या प्राथमिक शाळेत गेलो. तेथील दाखल-खारीज रजिस्टरात बाबांचे नाव होते आणि पालक म्हणून त्यांच्या मामांचे. राहण्याचे ठिकाण मामांचे गाव. म्हणजे शाळेत घालण्यापूर्वीच मूल आजोळी गेलेले होते, आणि ते आईविना होते या घरच्या समजुतीला कागदाचा आधार मिळाला. त्यानंतर आजोबांच्या गावच्या पंजीचा शोध सुरू झाला. एका कार्यालयात सांगण्यात आले की जुन्या वह्या वाळवीने खाल्ल्या. दुसऱ्या ठिकाणी तीन वेळा अर्ज करावा लागला. चौथ्या खेपेला एका वयस्क कर्मचाऱ्याने कापडाच्या बासनात बांधलेल्या वह्या आमच्यासमोर ठेवल्या आणि म्हटले, "पानं हळू उलटवा, गुरुजी. हे पुन्हा कोनी लिहून देनार नाही."

त्या वह्यांतील १९१८ ची पाने आम्ही मुद्दाम पाहिली. त्या वर्षीच्या शरद ऋतूत इन्फ्लुएंझाच्या साथीने मध्य प्रांतात हाहाकार उडवला होता. देशातील सर्वाधिक हानी झालेल्या प्रांतांत आपला प्रांत होता, हे आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. वहीत मात्र साथीचे नाव कोठेच नाही. कारणाच्या रकान्यात 'ताप', आणि खाली ओळीने तेच चिन्ह, एका पानावर, दुसऱ्या पानावर, तिसऱ्या पानावर. नोंद देणारा वैद्य नव्हता. पटकी, देवी, सर्पदंश हे त्याला ओळखता येत. उरलेले सारे 'ताप' या एका शब्दात जाई. म्हणून जुन्या नोंदीतील मृत्यूच्या कारणावर फार विसंबू नये. तारीख आणि गाव मात्र बहुधा भरवशाचे असते, कारण वही ठाण्यात नियमाने दाखवावी लागे.

बाबांच्या जन्माचे शाळेतील साल १९३८. तेव्हा त्यांचे तिसरे वर्ष १९४१ च्या आसपासचे. पंचांगाशी आमचे नाते श्रद्धेचे नाही, पण तारखा जुळविण्यासाठी इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते उपयोगी पडते. १९४१ चा पोळा ऑगस्टच्या उत्तरार्धात येत होता. त्या महिन्याचे पान उघडले, आणि पोळ्यानंतरच्या बुधवारची ती ओळ सापडली. गाव तेच. जात महार. वय अंदाजे बावीस. कारण ताप. मृताच्या नावाच्या रकान्यात 'जौजे', आणि त्यापुढे आजोबांचे नाव.

म्हणजे अमुक माणसाची बायको. तिचे स्वतःचे नाव नाही.

नोंद देणाऱ्या कोतवालाचे नाव वाचले, तेव्हा ते ओळखीचे निघाले. ते आजोबांचे सख्खे थोरले भाऊ होते. घरातल्या तरण्याताठ्या सुनेचे मरण त्यांनी डोळ्यांनी पाहिले, तिचे क्रियाकर्म उरकले, आणि वही उचलून गावात अक्षर येणाऱ्या कोणाच्या दारी गेले असतील. दाराबाहेरून सांगितले असेल. आतून लिहिले गेले असेल. त्यांनी तिचे नाव सांगितले होते की रीतीप्रमाणे जेठाने ते तोंडी घेतले नाही, की सांगूनही लिहिणाऱ्याला त्याची गरज वाटली नाही, हे ठरविण्यास आमच्याजवळ कोणतेही साधन नाही. काय लिहिले गेले हे त्यांना वाचता येत नव्हते, एवढे निश्चित. वही घेऊन ते ठाण्याकडे चालत गेले.

पुतणीच्या पडताळणीला ती ओळ पुरली. तिचे वैधता प्रमाणपत्र आले, प्रवेश झाला. ज्या आजीचे नाव कोणालाही ठाऊक नाही, तिच्या मृत्यूच्या नोंदीने तिच्या पणतीच्या शिक्षणाचा दरवाजा उघडला. आत्याबाईंना आम्ही ती नक्कल वाचून दाखविली. त्यांनी तारीख दोनदा विचारली, बोटांवर काही मोजले आणि म्हणाल्या, "म्हंजे मी आठ वर्साची होती." स्वतःचे वय त्यांना त्या दिवशी प्रथमच नेमके कळले. पुढे दोन वर्षांनी त्याही गेल्या. आता दरवर्षी ऑगस्टमधील त्या दिवशी आमच्या घरी त्रिशरण-पंचशील होते आणि 'बाबांच्या आई' असा उल्लेख करून पुण्यानुमोदन केले जाते.

हा प्रपंच सांगण्याचा हेतू आमच्या घरची कहाणी ऐकविणे हा नाही. आमच्यासारखी शेकडो कुटुंबे या स्मरणिकेच्या वाचकांत असतील, आणि ज्यांना शोध घ्यावयाचा आहे त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी लिहून ठेवाव्यात, असे वाटते.

शोध घरापासून सुरू करावा. भिंतीवरील फोटोच्या चौकटीखाली तारीख असते. ट्रंकेच्या तळाशी गिरणीचा, रेल्वेचा किंवा निवृत्तिवेतनाचा कागद असतो. पुण्यानुमोदनाच्या जुन्या पत्रिका रद्दीत देऊ नयेत. त्यांत जन्मगाव, नोकरी, सोयरे असे पुष्कळ काही असते. विहाराच्या भिंतीवरील दानाच्या संगमरवरी पाट्या वाचाव्यात, कारण 'यांच्या स्मरणार्थ' या शब्दांमागे मृत्यूचे साल दडलेले असते. वृद्धांना 'कधी वारले' असे विचारून उपयोग होत नाही. त्यांना सण, पेरणी, पूर, साथ, दीक्षेच्या आधी की नंतर, असे विचारावे. आमच्या आत्याबाईंच्या मारबतीने जे काम केले, ते कोणत्याही दाखल्याने केले नसते.

कार्यालयात जाताना एक नियम ध्यानात ठेवावा. मृत्यूची नोंद माणूस जेथे राहत होता तेथे होत नाही, जेथे मरण पावला तेथे होते. खेड्यातील माणूस मेयोत किंवा मेडिकलमध्ये दगावला असेल, तर त्याची नोंद गावच्या ग्रामपंचायतीत शोधणे व्यर्थ. ती नागपूर महानगरपालिकेकडे असणार. नागपूरची नगरपालिका १८६४ ची आणि महापालिका १९५१ ची, त्यामुळे शहरातील शोधाला खेड्यापेक्षा वेगळी दिशा लागते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. त्याच्या कलम १७ नुसार कोणीही ठरलेले शुल्क भरून नोंदवहीत शोध घेण्यास सांगू शकतो आणि प्रमाणपत्र मागू शकतो. प्रमाणपत्रात मृत्यूचे कारण मात्र दिले जात नाही. त्यापूर्वीच्या ग्रामीण नोंदींसाठी तहसिलीच्या अभिलेख कक्षातील कोतवाल पंजी पाहावी. तेथे 'वल्द' म्हणजे चा मुलगा, 'जौजे' म्हणजे ची पत्नी, 'बेवा' म्हणजे ची विधवा, हे शब्द माहीत असले की अर्धे काम होते. आडनाव शोधू नये. जुन्या नोंदींत ते क्वचितच असते. काही पाने मोडीत निघतात, तेव्हा जाणकाराची मदत घ्यावी.

वृत्तपत्रांतील निधनवार्ता हे दुसरे साधन. जुन्या काळच्या प्रस्थापित वृत्तपत्रांत आपल्या माणसांच्या मरणाला जागा नव्हती. कार्यकर्ता असेल तर 'जनता' किंवा १९५६ पासूनचे 'प्रबुद्ध भारत' पाहावे. गिरणी कामगारांच्या पिढीसाठी किसन फागूजी बनसोडे यांनी नागपुरात चालविलेल्या पत्रांचे जे अंक उपलब्ध असतील, ते चाळावेत. अलीकडच्या निधनवार्तेत घाटाचे नाव असते, गंगाबाई घाट, मोक्षधाम, अंबाझरी, आणि त्यावरून वस्तीचा अंदाज येतो. शब्दांवरही लक्ष ठेवावे. कैलासवासी आणि स्वर्गवासी हे शब्द आपल्या पत्रिकांतून दीक्षेनंतर हळूहळू गेले आणि 'कालकथित' आला. पाली वाङ्मयात मरणासाठी 'कालं करोति' असा प्रयोग आहे, त्याच कुळातील हा शब्द. तारीख नसलेली पत्रिका हाती आली, तर या एका शब्दावरून ती दीक्षेच्या अलीकडची की पलीकडची, याचा अंदाज बांधता येतो. शब्द बदलला म्हणजे माणसाची मरणाकडे पाहण्याची दृष्टी बदलली, आणि हाही आपल्या इतिहासाचाच पुरावा आहे.

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचे नाव लिहिणे महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केले आहे. या निर्णयाचे महत्त्व आम्हाला त्या 'जौजे'च्या रकान्याने जितके पटविले, तितके कोणत्याही व्याख्यानाने पटविले नसते. परंतु कायदा पुढच्या पिढ्यांपुरता आहे. मागे गेलेल्या आयांची नावे आपणच लिहून काढली पाहिजेत, आणि ज्यांना ती आठवतात ती माणसे आज ऐंशी-नव्वदीत आहेत.

यास्तव माजी विद्यार्थ्यांना, पालकांना आणि समाजबांधवांना आमची एक विनंती आहे. प्रत्येक विहारात एक जाड बांधणीची नोंदवही ठेवावी. कालकथिताचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, मूळ गाव, मृत्यूचा दिनांक व ठिकाण, अंत्यसंस्काराचा घाट, आणि ही माहिती कोणी सांगितली, असे सात रकाने पुरेत. स्त्री असेल तर तिचे माहेरचे नावही लिहावे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजींच्या समोर ती नोंद वाचावी व दोन साक्षीदारांनी सही करावी. आपल्या शाळेतील मुलांचे अक्षर सुंदर आहे. हे लेखन त्यांच्याकडे सोपवावे. ज्यांच्या पूर्वजांनी साऱ्या गावाच्या मरणाची वार्ता वाहिली आणि जी वही वाहिली ती त्यांना वाचता आली नाही, त्यांची ही मुले आहेत. येत्या पौर्णिमेपासून आमच्या वस्तीतील विहारात अशी वही सुरू होत आहे. पहिल्या पानावर ज्यांना आपल्या घरातील नावे लिहावयाची असतील, त्यांनी वडीलधाऱ्यांना विचारून, शक्य असल्यास त्यांना सोबत घेऊनच यावे.